हाताने रंगवलेली जपानी चित्रं म्हणून छापील कॅनव्हास गळ्यात मारले, 58,650 रुपये गेले

आधी आकडा सांगते, 58,650 रुपये. एवढे मोजून माझ्या घरात आज तीन छापील कॅनव्हास पडलेत, ज्यांची किंमत आमच्या फ्रेमवाल्याने प्रत्येकी हजार-बाराशे सांगितली. इन्स्टावरचं पेज, भरपूर फॉलोअर्स, खाली "अमेझिंग वर्क"च्या कमेंट्स, हा प्रकार तुम्हाला माहितीच आहे, त्यात वेळ घालवत नाही.

"अशा गोष्टींवर कोण एवढे पैसे घालतं" म्हणणारे घरातच दोन निघाले, म्हणून सांगते. होकुसाई आणि हिरोशिगे हे जुने जपानी चित्रकार, त्यांची चित्रं लाकडी ठशांनी कागदावर छापायचे. होकुसाईची लाट काय किंवा हिरोशिगेचा पूल काय, मूळ प्रिंट ए-थ्री कागदापेक्षाही लहान असतात. टोकियोत आजही चेरीच्या लाकडावर ठसे कोरून, वॉशी या जपानी कागदावर हाताने घासून नव्या प्रती काढतात, अस्सल काम, पण त्याही मूळ मापातच. सोफ्यामागच्या भिंतीला मला तीन फुटी हवी होती, मग हाताने रंगवून घेण्याशिवाय दुसरा रस्ता कुठला? आणि यात कमीपणा काहीच नाही, व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेच्या दोन प्रिंट्सच्या, पावसातला पूल आणि कामेइदोची प्लमची बाग, मोठ्या तैलरंगी नकला केल्याच होत्या. होकुसाई 1849 ला गेला, हिरोशिगे 1858 ला, कॉपीराइटचा प्रश्नच नाही. पेजवाल्याने मला हेच सगळं सांगितलं आणि ते शब्दन् शब्द खरं होतं, मी तपासलं होतं. खऱ्या माहितीत गुंडाळून खोटा माल विकतात ही माणसं.

दर प्रत्येकी 18,500, तिन्ही घेतली तर 48,000. लाट, पूल आणि प्लम. 24,000 ॲडव्हान्स यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते पेजचं नव्हतंच, कुठल्यातरी माणसाचं होतं, विचारलं तर म्हणे "आर्टिस्टचं अकाउंट आहे मॅम". असं नाव दिसलं की तिथेच थांबा.

आणि मग तो फोटो. ह्याच्यावर माझा जीव अजून जळतो. पुलाचं चित्र अर्धं झालं म्हणून फोटो आला. ज्यांनी हे चित्र बघितलंय त्यांना माहितीये, 1857 चं, ओहाशी पुलावर अचानक सर आलीय, माणसं टोप्या, छत्र्या सावरत पळतायत आणि अख्ख्या चित्रावरून पावसाच्या बारीक काळ्या रेषा वरपासून खालपर्यंत गेल्यात. ठशांच्या छपाईत पाऊस वेगळ्या ठशांनी मारतात. ब्रशने करणारा माणूस आधी आकाश, नदी, पूल, माणसं सगळं रंगवेल, वाळू देईल आणि मग शेवटी वरून रेषा ओढेल, दुसरं काही शक्यच नाही. फोटोत काय होतं? वरचा अर्धा भाग पावसासकट पूर्ण, खालचा अर्धा कोरा पांढरा, त्यावर पेन्सिलचं स्केच, आणि पावसाच्या रेषा पांढऱ्याच्या कडेला पट्टीने कापल्यासारख्या एका ओळीत थांबलेल्या! म्हणजे तयार इमेजचा खालचा भाग कॉम्प्युटरवर पुसलेला. मी झूम करून बघितला होता तो फोटो, टोप्या मोजत होते, फॅमिली ग्रुपवर टाकला होता, बघा किती सुंदर होतंय. कोणालाच दिसलं नाही. तिथे दिसलं असतं तर 24,000 वर भागलं असतं. पण घरी बसून रंगांचे थर कोण तपासतं, सांगा ना.

नंतर उरलेले 24,000, मग फ्रेमिंगचे 7,200, मग "कुरिअर इन्शुरन्स" 3,450, तेही पार्सल निघाल्यावर. दरवेळी थोडे थोडे मागतात म्हणजे आपल्याला मागे फिरता येत नाही.

पार्सल उघडलं तर लांबून छानच दिसत होतं. जवळ गेल्यावर ब्रशचे उंचवटे आडवेतिडवे, पूल संपून नदी सुरू होते तिथेही तोच फटकारा पुढे गेलेला. प्रिंटवर नुसती पारदर्शक जेल थापलीय! भिंगातून बघितलं तर सगळीकडे छपाईच्या रंगांचे ठिपके (भिंग घ्याच, शंभर रुपयांत मिळतं). प्लमच्या चित्रात कोपऱ्यात जुन्या कागदाचा पिवळट डाग आणि किड्याने खाल्लेलं भोकसुद्धा छापून आलंय, कुठला चित्रकार दुसऱ्याच्या कागदावरचं भोक रंगवतो? मोठी म्युझियम्स अशा प्रिंट्सच्या मोठ्या फाइल्स फुकट देतात, न्यूयॉर्कचं मेट 2017 पासून देतंय, तसलीच एक उचललीय. वर सर्टिफिकेट, त्यात लाटेचं साल 1857 आणि पुलाचं 1831, म्हणजे उलटसुलट. विचारलं तर "हँड टच दिलाय मॅम, हँडपेंटेडच म्हणतात", आणि ब्लॉक.

पोलीस चौकीत गेले तर साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू आलीये ना? मग फसवणूक कुठे, चांगलंय की चित्र, लावा भिंतीवर." मी भिंग काढून दाखवायला लागले तर शेजारचा हवालदार हसला. हसला! म्हणाले सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी चोरीला गेला नाही, हे सिव्हिल मॅटर आहे, बँकेत गेले तर बँकेचं तेच, व्यवहार तुम्ही ऑथराइज केला, पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस पत्र देणार नाहीत कारण त्यांच्या मते गुन्हाच नाही. ग्राहक हेल्पलाइनवर विचारतात विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि पत्ता काय. अहो, तो असता तर तुम्हाला कशाला फोन केला असता? कर भरायचा आम्ही आणि तक्रार घेऊन गेलं की चोरासारखं उभं राहायचंही आम्हीच.

एवढ्या सगळ्यांत एकानेही सांगितलं नाही की जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, खरेदी 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत 2 वर्षांची असते. हे मला मैत्रिणीच्या वकील दिराकडून कळलं. केस टाकतेय. पत्ता नसला तरी ज्या अकाउंटला पैसे गेले त्याचे तपशील जोडतेय.

घ्यायचंच असेल तर कॅनव्हासच्या मागच्या बाजूचा आणि कडांचा व्हिडिओ मागा, व्हिडिओ कॉलवर चित्र काढताना दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर सोडा. पार्सल उघडतानाचं शूटिंग करा, मी केलं होतं म्हणून आज हातात काहीतरी आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर चौकीच्या नादी लागण्याआधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

आणि तो अर्धा पाऊस कापलेला फोटो सध्या दुसऱ्याच नावाच्या पेजवर फिरतोय, दर आता 16,900 लावलाय. ज्यांनी तिथे ॲडव्हान्स भरलाय त्यांनी उरलेले पैसे पाठवू नका.