बीपी मशीन रिव्ह्यू: हिरव्या दिव्याच्या भरवशावर राहू नका

दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन घेऊन पाच महिने झाले. कंपनीचं नाव टाकत नाही, जे सांगायचंय ते अशा बऱ्याच मशीनना लागू आहे.

आईला तीन वर्षांपासून स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि कातडी, आतले अवयव कडक व्हायला लागतात. कातडी कडक, गारठ्यात बोटं आधी पांढरी मग निळी, त्याची आम्हाला सवय झालेली. यावेळी जिना चढताना धाप आणि धडधड सुरू झाली तेव्हा वाटलं फुप्फुसांचंच काहीतरी असणार. इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक आला पण रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, मग हार्टचा एमआरआय केला आणि त्यात निघाली हृदयाच्या स्नायूलाच सूज, मायोकार्डायटिस. डॉक्टरांनी स्टिरॉइड आणि मायकोफिनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू केलं आणि त्याच कागदावर खाली लिहिलं, घरी रोज दोनदा बीपी.

मला वाटलं रुटीन असेल. नाही. हृदयाची सूज उतरवायला स्टिरॉइड दिलं, पण स्क्लेरोडर्मात प्रेडनिसोलोन (हेच ते स्टिरॉइड) दिवसाला 15 मिलिग्रॅमच्या वर गेलं की रीनल क्रायसिसचा धोका वाढतो, म्हणजे बीपी एकदम चढतं आणि किडन्या बसायला लागतात, आणि लवकर लक्षात आलं तर कॅप्टोप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी किडनी वाचू शकते. म्हणून हे मशीन. (मायकोफिनोलेटसाठी रक्ताच्या पेशी तपासायच्या फेऱ्या असतात त्या वेगळ्याच.)

आता खरी तक्रार, तो हिरवा दिवा. आईचं नेहमीचं बीपी 104/66. एका संध्याकाळी 134/84 आलं आणि मशीनने मस्त हिरवा दिवा लावला, मामा म्हणाला बघ नॉर्मल आहे, उगाच घाबरवतोस तिला. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आकडा नॉर्मल आहे का ते बघू नका, तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती वर गेलाय ते बघा, 20-30 ने वर दिसलं तर थांबायचं नाही. पाच-पाच मिनिटांनी परत दोनदा घेतलं, आकडा तेवढाच. रात्रीच फोन केला, सकाळी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी, दोन्ही ठीक निघालं. तरी फोन केला ते बरंच केलं असं डॉक्टर म्हणाले. मामाला अजून पटलेलं नाही.

ठोके अनियमित असले की एक चिन्ह येतं ते मात्र कामाचं आहे. मायोकार्डायटिसमध्ये ठोके चुकतात आणि ठोके चुकले की असल्या मशीनचा आकडाही गडबडतो, म्हणून आम्ही तीनदा घेऊन सरासरी वहीत लिहितो. आधी मनगटाचं मशीन आणलेलं, ते दर वेळी वेगळंच काहीतरी दाखवायचं, दिलं परत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर आईच्या गार बोटांवर नुसता रेषा दाखवतो.

बटण मोठं आहे, वाकड्या बोटांनी दाबता येतं. पण पट्ट्याचं वेलक्रो तिला एकटीला ओढता येत नाही, मूठच वळत नाही तर ओढणार कशी. कोणीतरी लागतंच. पाचपैकी साडेतीन स्टार.

आणि सोबतचा पट्टा आईच्या बारीक दंडाला फार मोठा होता, तसा पट्टा असला की बीपी आहे त्यापेक्षा कमी दिसतं, आमच्याकडे तर नेमकं तेच नको, त्यामुळे लहान पट्टा वेगळा मागवला. ऑर्डर करायच्या आधी टेपने दंड मोजा.