‘कार्पेट सीड्स’ घेऊ नका: माझे नऊ आठवडे आणि तीन गप्पी मासे गेले

फिश टँकच्या तळाशी हिरवळ पसरवायची म्हणून कुणी ‘कार्पेट सीड्स’चं पाकीट मागवणार असेल, तर आधी हे वाचा. मी ते ऑनलाइन 349 रुपयांना घेतलं. जाहिरातीत मॉन्टे कार्लो या पाणवनस्पतीचा फोटो होता, पाण्याखाली मातीला चिकटून पसरलेली, मसुरीएवढ्या पानांची गच्च हिरवळ.

पाण्यातली झाडं पाण्याबाहेर वाढवणं मला नवीन नाही. गॅलरीत झाकणाच्या डब्यांमध्ये दोन वर्षं मी क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास ही टाकीत लावायची झाडं लावते आहे. मुळं ओल्या मातीत, पानं हवेत, आणि बाष्प टिकावं म्हणून वर झाकण. यातली बरीच झाडं मूळची ओढ्याकाठचीच. पावसात बुडतात, पाणी उतरलं की उघडी पडतात. आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही क्रिप्टोकोरिन सापडतं. हवेत त्यांना कार्बन डायऑक्साइड आयता मिळतो, पानांवर शेवाळ चढत नाही, म्हणून मोठ्या नर्सऱ्याही रोपं अशीच वाढवून विकतात. बिया ओल्या मातीवर रुजवून मग टाकी भरायची, हे त्यामुळे मला अगदी पटलं.

बी मोहरीहून बारीक आणि तपकिरी होतं. मातीवर भुरभुरलं, स्प्रेने पाणी मारलं. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण चढलं. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, “अगं, सब्जा भिजवलास की काय?” मी तिचं बोलणं कानाआड केलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी मोड आले. तीन आठवड्यांत सगळी माती हिरवीगार झाली. आनंदाच्या भरात मी फोटोसकट पाच स्टार देऊन टाकले, आणि तो फोटो पाहून आणखी कुणी पैसे घातले असतील. फसवणुकीची खरी गोम इथेच आहे. ओल्या मातीवर, झाकणाखाली, जवळजवळ कुठलंही बी छान रुजतं. कोवळी रोपं सगळी सारखीच दिसतात. झाड पाण्याखाली जगतं की नाही हे टाकी भरल्यावरच कळतं, आणि विक्रेताच सांगतो की सहा आठवडे पाणी भरू नका. वस्तू परत करायची मुदत दहा दिवसांची होती.

सहा आठवड्यांनी टाकी भरली. पाचव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक झाली, हात लावला की विरघळायला लागली. विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, “ताई, मेल्टिंग नॉर्मल आहे. पंधरा दिवस थांबा. मासे सोडले तरी चालतील.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. हवेत वाढलेलं झाड पाण्यात गेलं की जुनी पानं झडतातच. क्रिप्टोकोरिन तर सगळी पानं टाकून मोकळं होतं. पण खऱ्या पाणवनस्पतीचा देठ किंवा कंद घट्ट राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तिथूनच पाण्यातली नवी पानं फुटतात. माझ्याकडे देठच मऊ, काळे पडून वर तरंगायला लागले. एकाही पेराला कोंब नाही. मी थांबले, त्याच्या शब्दावर पाच गप्पी सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन मेलेले. अमोनियाच्या टेस्टची नळी पिवळी राहायला हवी, ती गर्द हिरवी झाली. पालापाचोळा कुजून पाणी विषारी झालं होतं.

काही रोपं मी श्रीखंडाच्या डब्यात बाहेरच ठेवली होती. ती वीतभर सरळ वाढली, पानं लांबट झाली, आणि पानांच्या बेचक्यात फिकट जांभळी फुलं आली. मॉन्टे कार्लो असं उभं वाढत नाही. ते जमिनीवर सरपटतं, पेरापेराला मुळं सोडतं आणि फूल इवलंसं पांढरं असतं. माझं झाड तालीमखाना या औषधी झाडाच्या गोतातलं दिसत होतं. तालीमखान्याचं बीही भिजलं की असंच बुळबुळीत होतं.

तारखांसकट फोटो, बिल आणि चॅट जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार केली. त्यानंतर 349 रुपये परत आले. मातीचे अठराशे गेले. अभिप्राय मात्र मी बदलून एक स्टारचा केला.

मॉन्टे कार्लो, ग्लॉसोस्टिग्मा, हेअरग्रास ही तळाशी पसरणारी झाडं मुळांसकट रोप म्हणून किंवा टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) कपातच घ्या. एका कपातल्या रोपांचे लावायला पंधरा-वीस छोटे झुबके सहज होतात. दुकानातल्या पाण्यात बुडवून ठेवलेलं लकी बांबू, सिंगोनियम, फिटोनियाही पाणवनस्पती म्हणून गळ्यात मारतात. ती काही काळ तग धरतात, मग कुजतात. सुरुवात करायची असेल तर ब्राह्मी उत्तम, डब्यातही वाढते आणि पाण्याखालीही. फक्त नर्सरीत ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी देतात. ब्राह्मीचं पान लहान, मांसल, चमच्यासारखं असतं. मंडूकपर्णीचं गोल, बेडकाच्या पावलासारखं.

उरलेलं बी मी उकळून ओल्या कचऱ्यात टाकलं. पाकिटावर ना जातीचं नाव होतं, ना ते कुठून आलं याचा पत्ता. तुमच्याकडे असं पाकीट पडून असेल तर ते तळ्यात, नाल्यात किंवा कुंडीत टाकू नका.