तंबोऱ्यासाठी कुसमी चपडा: मुंबईच्या हवेत टिकतो का?

गिरगावात माझं तंबोरे आणि दिलरुबे बनवण्याचं छोटं काम आहे. पॉलिश कुठलं लावणार, हे गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी विचारतं आणि तक्रार मात्र पहिली पॉलिशचीच येते.

मी मेण काढलेला कुसमी चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, वापरते. मशीद बंदरला सुटा मिळतो. कुसुमाच्या झाडावरची ही लाख पळस-बोरीवरच्या रंगीनी लाखेपेक्षा फिकट, त्यामुळे तुनाच्या लाकडाचा तांबूसपणा झाकला जात नाही. साध्या चपड्यात ५ टक्क्यांपर्यंत मेण असतं, त्याने थर गढूळ आणि जरा मऊ राहतो.

त्याहून महत्त्वाचा ताजेपणा. स्पिरिटमध्ये विरघळवली की लाखेचा कस हळूहळू उतरू लागतो. मागे दुरुस्तीला आलेल्या एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर गवसणीच्या कापडाची वीण उमटली होती, उभे-आडवे धागे वेगळे दिसावेत इतकी स्पष्ट. नख टेकवलं की खूण पडायची. बाटलीतलं शिळं तयार पॉलिश, कधी नीट वाळलंच नव्हतं. म्हणून तारीख नसलेली बाटली घेऊच नये. शंका असेल तर काचेवर दोन थेंब पसरावेत आणि दुसऱ्या दिवशी नख लावून बघावं.

मी १०० मिली स्पिरिटला १५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवते, मलमलीतून गाळते आणि लागेल तेवढंच करते. बोळा आत लोकरीचा, वर जुनं धुतलेलं मलमल. हात पातळच मारायचे. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, तर फारच जपून, थर जाड झाला की आवाज दबतो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं कृत्रिम पॉलिश, ओरखड्यांना आणि स्पिरिटला जास्त दाद देत नाही, हे खरं. पण तबलीला तडा गेला, वाद्य उघडावं लागलं, की नवा पीयू जुन्यात मिसळत नाही, जोड दिसत राहतो. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. पिढ्यान्‌पिढ्या वाजणारं वाद्य कधी ना कधी उघडावं लागतंच. माझ्या लेखी टिकाऊ ते हेच.

मुंबईचा खरा त्रास जुलै-ऑगस्टचा. स्पिरिट उडताना थर गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत मी पॉलिशचं काम घेत नाही, दिवाळीनंतर घेते. झाक आलीच तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा फिरवला की बहुधा निघते.

जपायचं ते असं: सॅनिटायझरचा ओला हात लावू नये, उन्हातल्या गाडीत वाद्य ठेवू नये. घाम लागतो तिथली चकाकी आधी जाते, तिथे अधूनमधून एखादा हात द्यावा लागतो. आणि चपडा पाव किलोहून जास्त घेऊन ठेवू नका. आपल्या उकाड्यात पापड्या चिकटून ढेकूळ होते, आणि फार जुना चपडा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळत नाही.