लक्ष्मीपुरीतला 'किलोचा मसाला': छोटी पुडी काउंटरवरच सोडा

शिमगा झाला की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या भुसारी दुकानात गिऱ्हाईक एवढंच म्हणतं, "एका किलोचा मसाला द्या." एक किलो मिरचीच्या चटणीला लागणारं सगळं साहित्य मग पाच मिनिटांत बांधून मिळतं. (कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. बाहेरगावच्या वाचकांनी वाटीतली ओली चटणी डोळ्यांपुढे आणू नये.) त्यात दोन भाग असतात. धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, खसखस आणि जिरे पन्नास-पन्नास ग्रॅम, हळकुंड, हिंग हा झाला जड माल. दुसरी छोटी पुडी: मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, जायफळ, दगडफूल, नागकेशर, बादियान, तमालपत्र, प्रत्येकी दहा ग्रॅमच्या आगेमागे. घराघरात हे प्रमाण बदलतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जड माल बहुतेक ठिकाणी चांगलाच असतो, उलाढाल मोठी असल्याने पडून राहत नाही. गडबड होते ती छोट्या पुडीत. आणि ती आजची नाही. तिच्यातल्या तीन-चार जिनसांसाठी युरोपातल्या कंपन्यांनी बेटं जाळली, तेव्हा भेसळ आणि हलका माल हा या धंद्याचा जुनाच भाग आहे.

आधी मिरी. पुडीतली मिरी बहुधा हलकी असते, म्हणजे आत गर कमी आणि टरफल जास्त. चमचाभर मिरी पाण्यात टाका. भरलेला दाणा तळाला जातो, पोकळ दाणा आणि पपईची बी तरंगते. मोठ्या व्यापारात मिरीची प्रत लिटरच्या वजनावर ठरते. एका लिटरच्या मापात ५५० ग्रॅमच्या आसपास भरली तर माल चांगला. दाणा ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिला तर त्याला 'तेलिचेरी'ची सगळ्यात वरची प्रत मिळते. त्या प्रतीच्या इंग्रजी नावात 'गार्बल्ड' हा शब्द येतो, त्याचं मूळ अरबीतल्या चाळण्याच्या क्रियापदात आहे. मसाला चाळून, निवडून विकायची पद्धत अरब व्यापाऱ्यांकडून युरोपात गेली, ती शब्दासकट.

रोमन लोक मिरीसाठी सोनं मोजत होते. इसवी सन ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा खंडणीत ३,००० पौंड मिरी मागितली. त्या समुद्री व्यापाराचे धागे पंचगंगेच्या काठापर्यंत आले होते. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, मसाला घ्यायला निघालात तर वाटेत बघून या. पुढे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं, आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची मक्तेदारी ढिली पडत गेली. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागायला आलेले इंग्रज कोण होते? राजापूरच्या वखारीतले व्यापारी. मिरी-वेलची घ्यायला आलेल्या माणसांनी गडाखाली निशाण फडकवलं आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी ती वखार लुटून हिशेब चुकता केला.

लवंगेची परीक्षा सोपी. डोकं शाबूत हवं, देठावर नख दाबलं की तेल दिसलं पाहिजे. पाण्यात चांगली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी राहते. तेल काढून घेतलेली लवंग आडवी तरंगते. अशी लवंग दिसायला काळी आणि ठीकठाक असते, म्हणूनच फसगत होते. पुडीत डोकं तुटलेल्या काड्या पाव भागापेक्षा जास्त निघाल्या तर परत करा. डच कंपनीने लवंगेची लागवड इंडोनेशियातल्या अंबोन बेटाच्या आसपास कोंडून ठेवली आणि बाकीच्या बेटांवरची झाडं तोडून टाकली, भाव पडू नये म्हणून. शेवटी १७७० च्या सुमारास फ्रेंचांनी चोरून रोपं मॉरिशसला नेली आणि एकोणिसाव्या शतकात झांझिबार लवंगेचं आगर झालं.

दालचिनीबद्दल तक्रार नाही, फक्त नावाबद्दल आहे. पुडीत मिळते ती जाड, एकाच सालीची, लाकडासारखी कडक कॅसिया. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडता येणारी. त्याच सालीसाठी पोर्तुगीजांनी आणि १६५८ नंतर डचांनी श्रीलंकेचा किनारा धरून ठेवला. चटणीला मात्र कॅसियाच बरी. मिरची-लसणापुढे श्रीलंकेची नाजूक साल हरवून जाते. कॅसियात कुमारिन (जास्त झालं तर यकृताला बाधणारं द्रव्य) जास्त असतं, म्हणून युरोपीय संघाने दालचिनीच्या पारंपरिक बेकरी पदार्थांत किलोला ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. चटणीत एका किलोला दहा ग्रॅम साल जाते आणि ती वर्षभर पुरते, तिथे काळजी नको. रोज दालचिनीचा काढा पिणाऱ्याने मात्र खरी मागून घ्यावी.

आता सगळ्यात वाईट जिन्नस: जायपत्री. निम्म्या पुड्यांत तिच्या नावावर रामपत्री घातलेली असते. रामपत्री गडद तांबडी, तिचे धागे बारीक आणि वास जवळजवळ नाहीच. खरी जायपत्री पिवळट-नारिंगी, रुंद पाकळीची, ठिसूळ. बोटावर चोळली की तेलकट लागते आणि गोडसर वास हातावर राहतो. ही भेसळ इतकी जुनी की इंग्रजी व्यापारात रामपत्रीला 'बॉम्बे मेस' असं नावच पडलं होतं. मुंबईचं नाव कशाला जोडावं, तर भेसळीला!

जायफळ आणि जायपत्री एकाच फळातली. ते झाड तेव्हा फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर होतं. १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून याने तिथली वस्ती जवळजवळ संपवली आणि मळे गुलामांकडून चालवून घेतले. त्यातलं रन हे चिमुकलं बेट इंग्रजांकडून पक्कं करून घेताना १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांनी मॅनहटनवरचा हक्क सोडला. जायफळ रुजू नये म्हणून डच ते चुन्यात बुडवून पाठवत. आजही पांढुरक्या पुटाचं जायफळ दिसतं. पूट असो नसो, वजनाला जड हवं आणि भोक नको. सुई टोचून तेल येतं का बघा. पुडीत एकच जायफळ असतं, तेच किडकं निघालं तर सगळा डाव गेला.

हे सगळं सोनं-रक्त ओतून युरोपाने काय खाल्लं? श्रीमंतांच्या मध्ययुगीन जेवणात दालचिनी-आल्याचे आंबट रस्से, मिरी आणि लेंडी पिंपळी असे. सडकं मांस लपवायला मसाला वापरत, ही समजूत चुकीची. मसाला परवडणाऱ्याला ताजं मांस सहज परवडत होतं. माल मुबलक झाला, भाव उतरले, तशी सतराव्या शतकात फ्रेंच स्वयंपाकाने मसाल्याकडे पाठ फिरवली आणि लोणी, मांसाचा अर्क, हिरवी पानं जवळ केली. लवंग-जायफळ केक, गरम वाइन आणि सॉसेजपुरते उरले. लेंडी पिंपळी तर तिथल्या स्वयंपाकघरातून गेलीच. तिच्याच 'पिप्पली'वरून इंग्रजीतला मिरीचा शब्द आला.

इकडे उलटं घडलं. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि मसाल्याच्या डोक्यावर बसली. जायफळाला सात-आठ वर्षांनी फळ येतं, नर-मादी झाडं वेगळी, वाळलेलं बी रुजत नाही. मिरचीचं बी परसात टाकलं तरी उगवतं. त्यामुळे तिचा मक्ता कुठल्याच कंपनीला जमला नाही. एका किलोत रंगाला ब्याडगी आणि चवीला जवारी (देशी) संकेश्वरी निम्मी-निम्मी घ्या. संकेश्वरीच्या नावाखाली दुसरी लांबट मिरची गळ्यात मारतात. वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तांबडा रस्सा या चटणीवर उभा राहतो. पांढऱ्या रश्शात लाल चटणी पडत नाही, तिथे छोट्या पुडीचा माल उघडा पडतो.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, थोड्या तेलात, मंद आचेवर. लवंग फुगली की काढा, जायफळ भाजू नका, फोडून तसंच टाका. खोबरं तपकिरी झालं की थांबा, काळं झालं तर सगळी चटणी कडवट होते. कांदा उन्हात खडखडीत वाळवून तळा. ओलसर राहिला तर महिन्याभरात बुरशी धरते. कांडप यंत्रावर कुटून घ्या. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मसाला तापतो आणि लवंग-जायपत्रीचं तेल तिथेच उडून जातं. गार झाल्यावरच बरणीत भरा आणि वर हिंगाचा खडा ठेवा.

पुढच्या खेपेला जड माल 'किलोचा' म्हणून घ्यावा. मिरी, लवंग, जायपत्री आणि जायफळ सुटं, नजरेसमोर तोलून मागावं. दुकानदार थोडं तोंड वाकडं करतात, पण देतात.