अलाइनरने जागा झाली, पण इम्प्लांट बसेना: पैसे भरण्याआधी हे वाचा

वरच्या पटाशीच्या दाताशेजारचा छोटा दात मला जन्मापासूनच नाही. सुळा हळूहळू त्या जागेत सरकला आणि समोर फटी पडल्या. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दातासाठी, आधी शेजारचे दात सरकवून घ्यावे लागणार होते. एका क्लिनिकने पारदर्शक अलाइनरने (दात सरकवण्यासाठी दातांवर एकामागून एक घालायचे ट्रे) 'इम्प्लांटसाठी तयार जागा' करून देऊ, असं लेखी दिलं.

तोंडाचं स्कॅन झालं, स्क्रीनवर दात सरकताना दाखवले आणि सवलत आजच संपतेय म्हणत सगळी रक्कम आगाऊ भरून घेतली. उपचार ठरवणारे डॉक्टर कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक्स-रेचं विचारलं तर म्हणे, "स्कॅनमध्ये सगळं येतं, मॅडम." धादांत खोटं! स्कॅनमध्ये फक्त हिरडीबाहेरचा दात येतो. मूळ आणि हाड एक्स-रेमध्येच दिसतात.

शेवटचा ट्रे संपल्यावर आरशात जागा छान दिसत होती. 'उपचार पूर्ण' म्हणून माझी सही घेतली. मग इम्प्लांट करणाऱ्या सर्जननी एक्स-रे काढला. खाली दात एकमेकांपासून दूर झाले होते, पण वर हाडात दोन्ही मुळं तंबूच्या काठ्यांसारखी एकमेकांकडे झुकलेली. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळापर्यंत साधारण 1.5 मिमी हाड सोडावं लागतं. इथे स्क्रूलाच वाट नव्हती. अलाइनरने दात कलंडवणं सोपं, मुळासकट सरळ सरकवणं अवघड. म्हणून तर उपचार संपवण्याआधी एक्स-रे काढून बघायचा असतो.

क्लिनिकचं उत्तर: "मुळांची हमी करारात नाही." आता दुसरीकडे तारा लावून मुळं सरळ करून घेतेय, पुन्हा पैसे भरून.

दाढ काढून बरीच वर्षं झालेल्यांनी तर जास्तच जपा. मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, विरुद्ध जबड्यातली दाढ त्या जागेकडे वाढत येते, आणि हे फक्त समोरचे दात ओळीत आणून सुटत नाही. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, हिरड्यांची तपासणी, आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) व इम्प्लांटचे डॉक्टर यांचं आपसात बोलणं व्हायलाच हवं. हिरड्यांचा आजार तसाच ठेवून दात सरकवले तर उरलेलं हाडही जाऊ शकतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. मुळांचा एक्स-रे इम्प्लांटच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय 'उपचार पूर्ण'वर सही करू नका.

मी तक्रार दाखल केली आहे. 'तयार जागा' लिहिलेला तो कागद जपून ठेवला होता, तोच आता माझा मुख्य पुरावा आहे.