गच्चीवरच्या दुर्बिणीला संगणक कोणता? लॅपटॉप, मिनी पीसी, रास्पबेरी पाय की एएसआयएअर

दुर्बीण आली, तिला ताऱ्यांमागे फिरवणारा माउंट आला, कॅमेरा आला आणि आता संगणकापाशी गाडी अडली आहे, अशा मुंबईकरांसाठी हा आढावा. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला ग्रह टिपायचे आहेत की तेजोमेघ? दोन्हींच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की हे ठरल्याशिवाय कोणताही सल्ला कामाचा नाही.

ग्रहांचं उत्तर सोपं आहे: लॅपटॉप. गुरू-शनीचं चित्रण म्हणजे वेगवान व्हिडिओ. ६४० बाय ४८०ची चौकट, ८ बिट, सेकंदाला २०० फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे ६१ एमबी माहिती येते. तीन मिनिटांत ११ जीबी. यूएसबी २ला हा वेग झेपत नाही. यूएसबी ३ आणि रिकामी जागा असलेली एसएसडी हवीच. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या सॉफ्टवेअरवर टिपा, ऑटोस्टॅकर्टमध्ये स्टॅक करा, म्हणजे चांगल्या फ्रेम एकावर एक रचून एकच चित्र करा. काम तास-दीड तासात आटोपतं, तुम्ही शेजारीच बसलेले असता, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी पुरते. शहराच्या दिव्यांचा चंद्र-ग्रहांवर फारसा परिणाम होत नाही. मुंबईत राहून सुरुवात करायची तर मी आधी हेच सुचवेन.

खरा पेच तेजोमेघांचा. इथे संगणक माउंट चालवतो, गायडिंग करतो (म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका सुधारतो), फोकस सांभाळतो आणि एकामागून एक फ्रेम घेत राहतो, तेही तासन् तास. ताकद फार लागत नाही. लागतो तो भरवसा. शिवाय यूएसबी ३ची साधी केबल तीन मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, त्यामुळे ती घरापर्यंत ओढता येत नाही. म्हणून संगणक दुर्बिणीपाशी आणि तुम्ही घरात, ही मांडणी उत्तम. मधल्या अंतरासाठी शक्य असेल तर लॅनची केबल टाका, ती शंभर मीटरपर्यंत चालते. दाटीच्या इमारतीत प्रत्येक घरातलं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतं. केबल जमत नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झचा राउटर वापरा.

घरातला जुना लॅपटॉप आणि ही सगळी कामं करणारं नीना हे सॉफ्टवेअर, हा सर्वांत स्वस्त मार्ग. नीना मोफत आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. उपकरणं जोडून देणारा विंडोजवरचा दुवा म्हणजे अ‍ॅस्कॉम. अ‍ॅस्कॉममुळे जवळपास कुठल्याही कंपनीचा कॅमेरा आणि माउंट त्याला जोडता येतो. गायडिंगला पीएचडी२, आकाशात नेमकं कुठे आहोत हे ओळखायला अ‍ॅस्टॅप; दोन्ही मोफत. अ‍ॅस्टॅपची ताऱ्यांची सूची घरीच उतरवून ठेवा, म्हणजे शहराबाहेर वांगणीला गेलात आणि रेंज नसली तरी अडत नाही. अडचण आहे ती बॅटरीची आणि दवाची.

मिनी पीसीवर हीच सगळी सॉफ्टवेअर चालतात. इंटेल एन१००चा, ८ ते १६ जीबी रॅमचा डबा पुरेसा आहे. १२ व्होल्टवर चालणाराच घ्या, म्हणजे माउंटच्याच बॅटरीवर चालेल. विंडोजची प्रो आवृत्ती बघा. होममध्ये रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येत नाही, मग व्हीएनसीसारखं दुसरं रिमोट सॉफ्टवेअर टाकावं लागतं. स्लीप बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, अपडेट थांबवलेले: एवढं केलं की विंडोजवर रात्र निभावते. लॅमिंग्टन रोडवर माउंट जोडायची यूएसबी-सिरियल केबल घेताना एफटीडीआय चिपची मागा. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिपा नव्या विंडोजमध्ये चालत नाहीत. प्रत्येक केबल नेहमी त्याच पोर्टमध्ये लावा आणि वर चिठ्ठी चिकटवा. पोर्ट बदलला की बऱ्याचदा विंडोजने दिलेला कॉम नंबर बदलतो आणि माउंट सापडेनासा होतो.

रास्पबेरी पाय म्हणजे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा संगणक. त्यावर नीनासारखं काम करणारं केस्टार्स-इकॉस आणि अ‍ॅस्कॉमसारखं उपकरणं जोडणारं इंडी चालतं. वीज कमी लागते, सॉफ्टवेअर मोफत. लिनक्सची सवय असेल तर आनंदाने घ्या, नसेल तर नको. आकाश मोकळं असताना टर्मिनलमध्ये डोकं घालण्यात मजा नाही. पाय ४ला स्वतःचं घड्याळ नसतं. नेट किंवा जीपीएस नसेल तर वेळ चुकते आणि गोटू, म्हणजे दुर्बिणीचं आपोआप नेमक्या जागी वळणं, भलतीकडे जातं. शिवाय वीज अचानक गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून एसएसडीवर चालवा.

एएसआयएअर हा झेडडब्ल्यूओ कंपनीचा तयार डबा. फोनवरून चालतो, पंधरा मिनिटांत कामाला लागतो. मात्र एक मोठी अट आहे: खगोल कॅमेरे झेडडब्ल्यूओचेच लागतात, शिवाय काही निवडक डीएसएलआर चालतात. तुमच्याकडे झेडडब्ल्यूओचा कॅमेरा असेल आणि गच्चीची किल्ली सोसायटीकडून मोजक्याच रात्री मिळत असेल, तर माझं मत याच्याच बाजूने आहे. बाकी सर्वांनी मिनी पीसी घ्यावा.

माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे जुळवावा लागतो (पोलर अलाइनमेंट), पण मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, म्हणजे बहुधा समोरच्या टॉवरमागे. नीनाचं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट प्लगइन, इकॉस आणि एएसआयएअर ध्रुवतारा न दिसताही माउंट जुळवून देतात. शार्पकॅपच्या सुविधेला मात्र ध्रुवाजवळचं आकाश दिसावंच लागतं.

टिपलेल्या फ्रेमवर प्रक्रिया करायचा संगणक वेगळा धरा, पैसे तिथे घाला. उजळ आकाशामुळे मुंबईत एक्सपोजर छोटी ठेवावी लागतात, म्हणून फ्रेम वाढतात. २४ मेगापिक्सेलच्या रंगीत कॅमेऱ्याच्या ३० सेकंदांच्या फ्रेम तीन तास घेतल्या तर ३६० होतात, साधारण १७ जीबी. सिरिल या प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिटवर रंग उलगडले, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग दिले, की त्याच फ्रेम १०० जीबीच्या पुढे जातात आणि जुळवणीनंतर तेवढीच जागा पुन्हा लागते. १६ जीबी रॅम आणि मोठी एसएसडी असली की सिरिल मोफत असूनही छान काम देतं. पिक्सइनसाइट विकतचं आहे, त्याची घाई नको.

अजून ठरत नसेल तर पैसे खर्चायच्या आधी पावसाळ्याचे चार महिने वापरा. अ‍ॅस्कॉम आणि इंडी दोन्हींत सिम्युलेटर आहेत. घरच्या लॅपटॉपवर विंडोज असेल तर नीना, लिनक्स असेल तर इकॉस टाका, खोटा माउंट, खोटा कॅमेरा जोडा आणि मृगातल्या तेजोमेघाचा अख्खा क्रम चालवून बघा.