रायझन ७९५०एक्स आणि सेकंडहँड ३०८०: इंदूरच्या उन्हाळ्यासकट नऊ महिन्यांचा अनुभव

आधी काय घेतलं ते सांगते. प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, सोळा कोअरचा. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं, सेकंडहँड. ६४ जीबी रॅम, ८५० वॉटचा पॉवर सप्लाय, पुढून सगळी जाळी असलेला केस. ऑक्टोबरात जोडलं, आता जुलै चालू आहे. या नऊ महिन्यांत त्यावर एकही गेम खेळले नाही. हे मशीन शास्त्रज्ञांची गणितं फुकट सोडवून देतं, बहुतेक वेळ आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पाची: ते इंटरनेटवरून कामाचे तुकडे पाठवतात, घरोघरचे संगणक उत्तरं परत करतात. फोल्डिंग ॲट होम, म्हणजे प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा तसलाच प्रकल्प, हिवाळ्यापुरता चालवला.

आइन्स्टाइनच का, याचं कारण घरगुती आहे. २००५ पासून चाललेला हा प्रकल्प लायगो या वेधशाळांच्या नोंदींमध्ये गुरुत्वीय लहरी शोधतो, शिवाय दुर्बिणींच्या नोंदींतून पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक ठोके पाठवणारे मृत तारे, हुडकतो. माझं माहेर हिंगोलीचं. लायगो-इंडिया आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होते आहे, आणि तिच्या भागीदार संस्थांपैकी एक इथे इंदुरात आहे: राजा रामण्णा केंद्र, ज्याला गावात अजून सगळे नुसतं ‘कॅट’ म्हणतात. माहेर-सासर दोन्ही एकाच कामात, मग आपणही थोडा हातभार लावावा म्हटलं. कॉलेजात असताना सेटी ॲट होमचा, म्हणजे परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या अशाच प्रकल्पाचा, स्क्रीनसेव्हर टक लावून बघत बसायचे. त्यांनी मार्च २०२० अखेर नवीन काम वाटणं थांबवलं तेव्हा उगाच चुटपुट लागली होती, तीही एक गोष्ट.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात गच्चीवर एक खोली रिकामी होती. आवाज कुणाला नको म्हणून मशीन तिथे ठेवलं. या नऊ महिन्यांतली सगळ्यात महाग चूक हीच. वरती स्लॅब उघडा, पश्चिमेला खिडकी. ऑक्टोबरातही दुपारी चारला खोलीत ३९ अंश. आणि प्रोसेसर? तो सुरू केल्यापासून ९५ वर चिकटलेला.

या ९५ ने मला पहिला आठवडा झोपू दिलं नाही. आता कळतं की या चिपची घडणच तशी आहे. तिला मोकळं सोडलं की ती २३० वॉटपर्यंत ओढते आणि ९५ अंशांना टेकेपर्यंत वेग वाढवत जाते. बिघाड नाही, ठरवलेली मर्यादा आहे. चांगला कूलर लावला तर ती थंड होत नाही, फक्त थोडी जास्त धावते. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी पैसे खर्चले. ३६० मिलिमीटरचा वॉटर कूलर घेतला. दुकानदाराने बसवून दिला तोही उलटा: रेडिएटर खाली पुढच्या बाजूला, नळ्या त्याच्याही खाली, पंप सगळ्यात उंच जागी. बंद नळ्यांतली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते, तिथे पंप असेल तर तो हवा घुसळत बसतो. रात्री माठात पाणी ओतावं तसा गुडगुड आवाज यायचा. मी रेडिएटर छताला हलवला, गुडगुड थांबली, पण चौथ्या महिन्यात पंपाने घरघर सुरू केली. वॉरंटीत बदलून मिळाला, तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा हवेवरचा कूलर बसवला तो तसाच राहिला. बदलून आलेला कूलर खोक्यात पडून आहे.

मशीन अजून गच्चीवर होतं आणि वॉटर कूलर नुकताच बसवला होता, तेव्हा एकदा सासूबाई वर आल्या, खोलीत पाऊल टाकून लगेच मागे सरल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, कूलर बसवला म्हणतेस, मग खोली भट्टीसारखी का झाली?’’

हसून सोडून दिलं, पण जिन्यावरून उतरताना डोक्यात बसलं. मेमध्ये आपण खिडकीला जो कूलर लावतो तो खोली गार करतो. प्रोसेसरवरचा कूलर खोली गार करत नाही, तो चिपची उष्णता उचलून खोलीत ओततो. पाण्याचा असो, हवेचा असो, पाच हजारांचा असो की पंधरा हजारांचा. प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं तर भिंतीतून ६७० वॉट जात होते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत मी रूम हीटर रात्रंदिवस लावून ठेवला होता आणि त्याच्या दांडीवर फुंकर घालायला महागडे पंखे विकत घेत होते.

मग हिशेब मांडला. ६०० वॉट उष्णता बाहेर काढायची आणि खोली बाहेरच्या हवेपेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण १०० लिटर हवा बदलली पाहिजे. खिडकी उघडी ठेवून हे होत नाही. हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन वेगळ्या वाटा लागतात. नोव्हेंबरात मशीन खाली, उत्तरेच्या कोठीच्या खोलीत आणलं. तिला ऊन कधीच लागत नाही. वरच्या झरोक्यात बारा इंची एक्झॉस्ट बसवला, समोरच्या दाराच्या खालच्या बाजूला जाळी लावून घेतली. सुतार, एक्झॉस्ट, वायरिंग मिळून वॉटर कूलरच्या निम्म्याहून कमी खर्च आला, आणि फरक त्याच्या दसपट.

दुसरी गोष्ट फुकटात झाली. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, इको मोड नावाची सोय आहे. चिपला २३० ऐवजी १४२ किंवा ८८ वॉटवर बांधता येतं. चिप ओढते ती वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज भरमसाट चढवावं लागतं. त्यामुळे वरचं टोक कापलं की काम थोडं घटतं, वीज खूप घटते. माझ्याकडे १४२ वर कामाचा वेग पाच-सहा टक्क्यांनी उतरला. ८८ वर साधारण पाचवा हिस्सा गेला, पण तापमान ६२ वर आलं आणि पंखे ऐकूच येईनात. ग्राफिक्स कार्ड ३२० वरून २२० वॉटवर आणलं, तिथे दहा टक्क्यांच्या आसपास फटका. हे दोन आकडे पहिल्याच दिवशी बदलले असते तर वॉटर कूलर घ्यावाच लागला नसता.

आता त्या ३०८० ची कथा, कारण जुनं कार्ड घ्यायचा विचार खूपजण करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं करून चलन कमावण्याची, पद्धतच बंद केली आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. माझं त्यांतलंच असावं, विकणाऱ्याने ‘घरगुती वापर’ सांगितलं होतं तरी. पंख्याच्या पात्यांमागे जमलेली काळी माती घरगुती नव्हती. वरवर सगळं ठीक: चिप ७१ अंश. पण आइन्स्टाइनच्या माझ्या खात्यात अमान्य निकाल दिसू लागले. या प्रकल्पात एकच काम दोन अनोळखी संगणकांना जातं आणि दोघांची उत्तरं जुळली तरच धरली जातात, नाहीतर तिसऱ्याला पाठवतात. म्हणजे तुमचं मशीन चुकतंय हे लपत नाही. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कोण बघतंय? इथे अख्खी रात्र वाया.

तापमानं दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये खाली एक ओळ असते, मेमरी जंक्शनची, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाची. ती १०८ दाखवत होती. या कार्डाची जीडीडीआर६एक्स मेमरी फार तापते आणि ११० ला स्वतःला आवरते. मेमरी आणि हीटसिंकच्या मधले थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, सुकून खडखडीत झाले होते. नवे आणले, लावले, आणि चिपचा हॉटस्पॉट, म्हणजे सगळ्यात तापलेली जागा, एकदम १०४! पॅड अर्ध्या मिलिमीटरने जाड पडले होते, त्यामुळे हीटसिंक चिपवर टेकतच नव्हता. ही चूक सर्वस्वी माझी. पुन्हा उघडलं, या वेळी पॅडऐवजी थर्मल पुट्टी भरली, ती दाबली जाईल तेवढी दबते. मेमरी ८६ वर आली. तेव्हापासून अमान्य निकाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जुनं कार्ड घेणार असाल तर पुट्टीचे पैसे आणि एक रविवार किमतीतच धरा.

विजेचं बिल. आमचं घर आधी १५० युनिटांच्या आत असायचं, म्हणजे अटल गृह ज्योती योजनेत पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत. पहिल्या महिन्यात या एका मशीनने ४८० युनिटं खाल्ली. योजना गेली ती गेलीच, वर शेवटच्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून मला आठ रुपयांच्या जवळ पडलं. ‘अहों’नी बिल फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं, बोलले काहीच नाहीत. हिवाळ्यात प्रोसेसर १४२ आणि कार्ड २५० वॉटवर ठेवून चोवीस तास चालवलं तेव्हा मीटरवर ४८० वॉट दिसत, महिन्याला ३४५ युनिटं. मार्चपासून फक्त रात्री, ८८ आणि २२० वर: ३९० वॉट, नऊ तास, महिन्याला साधारण १०५ युनिटं. हे परवडतं.

रात्रीच चालवण्याचं श्रेय माळव्याला. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा असं म्हणतात ते कवींनी उगाच केलेलं कौतुक नाही. मेमध्ये दिवसा ४२ गेलेलं असलं तरी पहाटे माझ्या झरोक्यापाशी २६ असायचे. आइन्स्टाइनचं काम ज्यावर चालतं त्या बॉइंक प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वेळ ठरवून देता येते. रात्री दहा ते सकाळी सात दिली. एक सांगते, तिथेच ‘प्रोसेसरचा इतका टक्के वेळ वापरा’ अशी दुसरी सोय आहे, तिच्या नादी लागू नका. ती काम क्षणभर चालू, क्षणभर बंद करते, तापमान झोके घेत राहतं आणि पंखे धापा टाकल्यासारखे वरखाली होतात. त्यापेक्षा कोअर कमी द्या. फोल्डिंगला मात्र हे रात्रपाळीचं गणित मानवत नाही. तिथे काम जितक्या लवकर परत कराल तितका जास्त बोनस, दिवसभर अडवून ठेवलं तर गुण घसरतात. आइन्स्टाइनची मुदत ऐसपैस, म्हणून उन्हाळ्यात तेच.

एप्रिल-मेमध्ये कोठीच्या दाराला घरचा डेझर्ट कूलर लावूनही बघितला. कोरड्या हवेत खोली सहा-सात अंशांनी उतरली, पण बोअरच्या पाण्याचे क्षार पंख्यावर पांढरे बसायला लागले. पंधरा दिवसांत बंद केला. आता पावसाळ्यात तर तो निरुपयोगीच.

धुळीबद्दल: २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं शहर आहे आपलं, तरी दर पंधरा दिवसांनी पुढची जाळी झटकली नाही तर तापमान चार अंश चढतं. आत ओढणारे पंखे जास्त आणि बाहेर फेकणारा एक ठेवला की फटींतून धूळ कमी शिरते. रंगपंचमीला मात्र मशीन सरळ बंद. आमच्या घरापासून राजवाडा लांब आहे, गेर, म्हणजे रंगपंचमीची मोठी मिरवणूक, काही गल्लीत येत नाही, पण गल्लीतल्या पोरांचा गुलाल पुरेसा होता. आदल्या वर्षी गुलाल शिरलेल्या लॅपटॉपमधून अजून गुलाबी निघतं.

यूपीएससाठी वेगळा खर्च धरा. संगणकाबरोबर सहसा देतात तो ६०० व्हीएचा यूपीएस या वजनाखाली दोन सेकंदही उभा राहत नाही. मी १५०० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा घेतला. वादळी पावसात दिवे जातात तेव्हा मशीन नीट बंद होतं, आणि काम मधूनमधून जतन होत असल्यामुळे फार तर काही मिनिटांचं नुकसान.

मिळालं काय? २०१० मध्ये आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या घरच्या संगणकांनी याच प्रकल्पात पल्सार शोधला होता, जे२००७+२७२२. माझ्या नावावर तसं काही नाही. सासूबाईंनी मात्र या मशीनचा उपयोग शोधला. जानेवारीतल्या थंडीत विरजण लागत नव्हतं, तेव्हा त्यांनी पातेलं केसच्या मागच्या पंख्यासमोर ठेवलं. सकाळी दही कवडीसारखं घट्ट. ‘‘रात्रभर भणभण करते खरी, पण काहीतरी बनवते,’’ म्हणाल्या. तीन महिने तोच क्रम होता. पातेल्यावर ताट आणि त्यावर वरवंटा, ही माझी एकच अट.

सध्या कार्डाचा मधला पंखा सुरू होताना खरखरतो, बेअरिंग गेलं आहे. सिल्व्हर मॉलमध्ये दोन दुकानांत विचारलं, या मॉडेलचा पंखा सुटा नाही. मागवलाय, दहा दिवस म्हणतात. तोवर कार्ड १८० वॉटवर आणि कोठीचा एक्झॉस्ट दिवसाही चालू.